बुरान थांबलं ते ठीक, पण एनर्जिया का मोडलं?

सोव्हिएत अवकाशयान बुरानचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी सांगितल्या जातात. ते अमेरिकन स्पेस शटलची नक्कल होतं, आणि एकच उड्डाण करून ते कायमचं बंद पडलं. निष्कर्षही ठरलेला असतो. एका खंगलेल्या व्यवस्थेने ईर्ष्येपोटी पैसा उधळला आणि पैसा संपल्यावर गाशा गुंडाळला. मला हा निष्कर्ष अर्धाच पटतो. ईर्ष्या होती, उधळपट्टी होती, आणि १९९३ मध्ये बुरान थांबवणं शहाणपणाचंच होतं. पण त्याच फटक्यात आणखी एक गोष्ट संपवली गेली आणि तिचा वेगळा विचार कुणी केला नाही. बुरानला वर नेणारं रॉकेट, एनर्जिया. पृथ्वीनजीकच्या कक्षेत शंभर टन नेऊ शकणारं, दोनदाच उडालेलं आणि दोन्ही वेळा आपल्या वाट्याचं काम चोख केलेलं. यानाची गरज उरली नाही म्हणून रॉकेटही मोडीत गेलं. अवकाश धोरणाच्या इतिहासातल्या सगळ्यात महागड्या चुकांमध्ये मी या निर्णयाची गणना करतो. सरकारी पैशातून मोठं तंत्रज्ञान उभं करणाऱ्या प्रत्येक देशाने, म्हणजे आपणही, तो नीट तपासायला हवा.

यान थांबवायला हवं होतं असं मी म्हणतो, त्याची कारणं आधी सांगतो. १७ फेब्रुवारी १९७६ रोजी सोव्हिएत सरकारने या प्रकल्पाचा आदेश काढला, तेव्हा या यानाने नेमकं करायचं काय हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. अमेरिका शटलच्या वर्षाला साठेक फेऱ्यांच्या गोष्टी करत होती. मॉस्कोत मस्तिस्लाव केल्दिश यांच्या उपयोजित गणित संस्थेत हे आकडे मांडून पाहिले गेले आणि ते काही जुळेनात. इतकं सामान वर न्यायला अमेरिकेकडे मुळात उपग्रहच नव्हते, आणि खर्चही अमेरिका सांगत होती तेवढा खाली येण्यासारखा नव्हता. हा हिशेब बरोबर होता. पुढे शटलच्या तीस वर्षांनी तो खरा ठरवला. चुकला तो त्यातून काढलेला अर्थ. व्यापारी गणित बसत नाही म्हणजे खरा हेतू लष्करी असणार, कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्ग तळावरून उडालेलं शटल मॉस्कोवर झेपावू शकेल, अशी भीती थेट वरपर्यंत पोचली. त्यांच्याकडे आहे ते आपल्याकडेही हवं, एवढंच मग ठरलं. कशासाठी, ते पुढे बघू.

अशा रीतीने जन्मलेल्या यानाला काम मिळणं अवघड होतं. माणसं न्यायला सोयुझ होतं, सामान न्यायला प्रोग्रेस होतं, आणि १९८६ पासून मीर स्थानकाचा सगळा राबता या दोघांच्या जिवावर चालला होता. तीस टन वर नेण्याची आणि वीस टन परत आणण्याची बुरानची क्षमता मोठी होती, पण वीस टनांचं असं काय आहे जे खाली आणायचंय, याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही.

तरीही १५ नोव्हेंबर १९८८ ची सकाळ कुणी हलक्यात घेऊ नये. त्याआधी २९ ऑक्टोबरला उलटी गिनती अवघी ५१ सेकंद उरली असताना थांबवावी लागली होती, कारण रॉकेटला टेकलेला एक भाग वेळेत बाजूला झाला नाही. आता वादळाचा इशारा होता, वारा घोंघावत होता. मॉस्कोच्या घड्याळाप्रमाणे सकाळी सहाला एनर्जिया कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून उठलं. यानात माणूस नव्हता. पृथ्वीभोवती दोन फेऱ्या, सगळा मिळून २०६ मिनिटांचा प्रवास. परतीच्या वाटेवर, युबिलेयनी धावपट्टीच्या दिशेने येणारं यान अपेक्षेच्या अगदी उलट बाजूला वळलं. जमिनीवर बसलेल्यांच्या पोटात गोळा आला. यान बिघडलं, भरकटलं, आता गेलं, असंच अनेकांना वाटलं. सोबत मिग-२५ घेऊन उडणारे चाचणी वैमानिक मागोमेद तोलबोएव्ह यांनाही त्याच्या मागे जाण्यासाठी विमान झटक्यात वळवावं लागलं. यान भरकटलेलं नव्हतं. त्यातल्या संगणकाने वाऱ्याचा जोर पाहून जादा उरलेली ऊर्जा जिरवण्यासाठी लांबची वाट निवडली होती. माणसाने आखून दिलेल्या पर्यायांमधला हा सगळ्यात कमी शक्यतेचा पर्याय होता, पण त्या हवेत तोच योग्य होता. सेकंदाला सतरा मीटरच्या घरातल्या आडव्या वाऱ्यात बुरान साडेचार किलोमीटर लांबीच्या त्या धावपट्टीवर उतरलं आणि मध्यरेषेपासून सुमारे तीन मीटरवर थांबलं. अंगावरच्या ३८ हजारांच्या आसपास टाइल्सपैकी मोजक्याच गळल्या होत्या. अमेरिकन शटल तीस वर्षांत १३५ वेळा उडालं, पण पूर्णपणे स्वयंचलित असं एकदाही उतरलं नाही.

ग्लेब लोझिनो-लोझिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम आहे आणि त्याला नक्कल म्हणणं अन्याय आहे. आकार सारखा, कारण वातावरणात परतण्याचं भौतिकशास्त्र दोघांना सारखंच लागू होतं, आणि हो, अमेरिकेची उघड कागदपत्रंही त्यांनी बारकाईने वाचली होती. पण यान उत्तम उतरतं हे ते उडवत राहण्याचं कारण होत नाही. कौशल्य आणि गरज या वेगळ्या गोष्टी आहेत. रशियात आजही अनेकांना बुरान बंद झाल्याची हळहळ वाटते. ती मला समजते, पण मी तिच्यात सामील होत नाही.

माझी हळहळ रॉकेटसाठी आहे. आणि इथे शटल आणि बुरानमधला मूळ फरक ध्यानात घ्यायला हवा. शटलची तीन मुख्य इंजिनं यानाच्याच शेपटीत होती. बाहेरची ती मोठी नारिंगी टाकी म्हणजे निव्वळ इंधनाचं पिंप. यान बाजूला काढलं की शटल नावाची व्यवस्थाच उरत नाही. एनर्जियाचं तसं नव्हतं. त्याच्या मधल्या टप्प्याच्या तळाशी हायड्रोजनवर चालणारी चार आरडी-०१२० इंजिनं होती, आणि भोवती चार बूस्टर, प्रत्येकात केरोसिनवर चालणारं एक आरडी-१७०. बुरान म्हणजे कुशीला लटकवलेलं सामान. ते काढा आणि दुसरं काहीही लावा, रॉकेट जसंच्या तसं उडेल. प्रकल्पाचे प्रमुख वालेन्तिन ग्लुश्को यांना चंद्रावर तळ उभारायचा होता, आणि बोरिस गुबानोव्ह यांच्या हाताखाली जे रॉकेट उभं राहिलं ते यानापेक्षा कितीतरी व्यापक कामांसाठी होतं.

याचा पुरावा पहिल्याच उड्डाणात मिळाला होता. १५ मे १९८७ रोजी एनर्जिया पहिल्यांदा उडालं तेव्हा बाजूला बुरान नव्हतंच. पोल्युस नावाचं ऐंशी टनांचं लष्करी चाचणी यान होतं, लेझर शस्त्राच्या योजनेचा नमुना. रॉकेटने त्याला ठरल्या जागी सोडलं. मग पोल्युसने अर्धवर्तुळ वळून आपलं इंजिन चालू करायचं होतं. ते पूर्ण गोल फिरलं आणि उलट्या दिशेने जोर लावून पॅसिफिक महासागरात पडलं. चूक यानाची होती. रॉकेटवर ठपका ठेवायला जागाच नव्हती. पहिल्याच झेपेत एवढं मोठं रॉकेट निर्दोष चालणं ही गोष्ट किती दुर्मीळ आहे, हे सोव्हिएत अभियंत्यांना चांगलंच माहीत होतं. त्यांचं चंद्रावर जाण्यासाठीचं एन-१ रॉकेट १९६९ ते १९७२ या काळात चार वेळा उडालं आणि चारही वेळा नष्ट झालं.

एन-१ चा इथे उल्लेख करण्याला आणखी एक कारण आहे. १९७४ मध्ये तो प्रकल्प बंद केला तो याच ग्लुश्कोंनी. एन-१ ची तयार रॉकेटं तोडली गेली. टाक्यांचे गोलाकार तुकडे बायकोनूरच्या आसपास शेडची छपरं म्हणून वापरले गेले. इंजिनंही नष्ट करण्याचा आदेश होता, पण कुइबिशेवचे निकोलाय कुझनेत्सोव्ह यांनी तो पाळला नाही. त्यांनी डझनावारी इंजिनं गोदामात झाकून ठेवली. आणि ज्या जागी एन-१ जोडलं जायचं, त्याच ११२ क्रमांकाच्या प्रचंड इमारतीत पुढे एनर्जिया जोडलं जाऊ लागलं. एन-१ चे तळच दुरुस्त करून बुरान उडवलं गेलं. म्हणजे मोडून टाकायची सवय या संस्थेला आधीच लागलेली होती. ग्लुश्को जानेवारी १९८९ मध्ये वारले. आपल्या रॉकेटच्या वाट्याला तेच आलं, हे त्यांना पाहावं लागलं नाही.

१९९३ च्या निर्णयाची बाजू मांडणारे म्हणतात की पर्यायच नव्हता. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. महागाईने पगारांची माती केली होती. आणि एनर्जिया तर एका देशाचं राहिलंच नव्हतं. मधला टप्पा कुइबिशेवला, म्हणजे आताच्या समाराला, जोडला जायचा. हायड्रोजन इंजिनं व्होरोनेझची, केरोसिन इंजिनं मॉस्कोजवळच्या खिम्कीची. पण बूस्टर यायचे युक्रेनमधल्या द्नेप्रोपेत्रोव्स्कहून, नियंत्रण यंत्रणा खार्किव्हची, आणि तळ कझाकस्तानात. हजारावर कारखाने आणि संस्था या कामात गुंतल्या होत्या. १९९१ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्यामध्ये सीमारेषा, चलनं आणि कस्टम उभे राहिले. शिवाय शंभर टनांचं न्यायचं काय, हा प्रश्न रॉकेटलाही लागू होताच.

हे सगळं मान्य करूनही निर्णय चुकीचाच ठरतो, कारण शंभर टनांचं रॉकेट वर्षाला दहादा उडवा असं कुणी म्हणतच नव्हतं. एनर्जियाच्याच भागांतून त्याची धाकटी आवृत्ती आखली गेली होती. एनर्जिया-एम. चारऐवजी दोन बूस्टर, मध्ये चारऐवजी एक हायड्रोजन इंजिन, आणि क्षमता तीस टनांच्या आसपास. तिचा पूर्ण आकाराचा नमुनाही बायकोनूरला उभा राहिला. या वजनाची गरज खरी होती, बाजारातही आणि स्थानकासाठीही. तिच्याऐवजी पूर्णपणे रशियात बनणारं नवं रॉकेट, अंगारा, निवडलं गेलं. युक्रेनवर विसंबायचं नाही हा त्यामागचा विचार होता, आणि त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण अवजड अंगाराचं पहिलं उड्डाण झालं डिसेंबर २०१४ मध्ये. दोन दशकं गेली, आणि हाती आलं चोवीस टनांच्या आसपास नेणारं, हायड्रोजन न वापरणारं रॉकेट. जे होतं ते लहान करून चालवत ठेवण्याचा खर्च या वीस वर्षांपेक्षा जास्त झाला असता, असं मला कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एनर्जियाचे दोन इंजिन-वंश होते. एक जगला, एक मेला. दोन्ही तितक्याच तोडीची, दोन्ही दोन-दोन उड्डाणांत निर्दोष. मग फरक कशाने पडला?

आरडी-१७० जगलं, कारण त्याला दुसरं गिऱ्हाईक होतं. एनर्जियाचा बूस्टर म्हणजे थोड्या फरकाने झेनित रॉकेटचा पहिला टप्पा, आणि झेनित उडतच राहिलं. चार ज्वलनकोठ्यांचं हे इंजिन अर्धं करून आरडी-१८० झालं, आणि ते अमेरिकेने विकत घेतलं. पुन्हा अर्धं करून एका कोठीचं आरडी-१९१ झालं, ते अंगारात बसलं. आरडी-१८० वर उडणाऱ्या अॅटलस-५ ने २००६ मध्ये न्यू होरायझन्सला प्लूटोकडे धाडलं, २०११ मध्ये क्युरिऑसिटी आणि २०२० मध्ये पर्सिव्हिअरन्स मंगळाकडे नेलं. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेच्या लष्कराचं एक्स-३७बी, म्हणजे बुरानसारखंच माणसाविना उडणारं आणि आपोआप धावपट्टीवर उतरणारं छोटं अवकाशविमान, पहिल्यांदा कक्षेत गेलं तेही याच अॅटलसवर. ज्या इंजिनाच्या वडिलांनी बुरानला उचललं, त्याच्या मुलाने बुरानच्या अमेरिकन वारसदाराला उचललं. इतिहासात मला याहून बोलकं उदाहरण माहीत नाही.

आणि आरडी-०१२०? त्याला एनर्जियाखेरीज दुसरं काम नव्हतं. १९८८ नंतर ते कधीही उडालं नाही. हायड्रोजनवर चालणारं एवढं ताकदवान इंजिन बनवण्याची आणि उडवून दाखवण्याची कला रशियाने दोन उड्डाणांत सिद्ध केली आणि गमावली. व्होरोनेझच्या कारखान्यात ज्यांनी त्याचे पंप जुळवले, ज्यांना कुठला सांधा किती आवळला की थंडीत गळत नाही हे हाताने माहीत होतं, ते निवृत्त झाले. नकाशे राहिले असतील. पण इंजिन नकाशातून बनत नाही. अमेरिकेकडे आरडी-१८० स्वतः बनवण्याचा परवाना होता, तरी अमेरिकेत त्याचं उत्पादन कधी सुरू झालं नाही. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावल्यावर पर्याय शोधणं भाग पडलं, तेव्हाही नवं इंजिन घडवून नवं रॉकेट जानेवारी २०२४ मध्ये उडालं. एवढा पैसा, एवढे अभियंते, हाताशी प्रत्यक्ष इंजिनं, आणि तरीही. ऑक्सिजनने भरलेल्या तप्त वायूत टर्बाइन फिरवायचं आणि धातू पेटू द्यायचा नाही, ही विद्या करून करूनच येते.

नुसतं सांभाळून ठेवल्यानेही भागत नाही. कुझनेत्सोव्ह यांनी लपवलेली ती एन-१ ची इंजिनं नव्वदच्या दशकात अमेरिकेला विकली गेली आणि २०१३ मध्ये अँटारेस रॉकेटवर उडाली. त्या माणसाच्या हट्टाला माझा सलाम आहे. पण २०११ च्या एका चाचणीत आग लागली तेव्हा चाळीस वर्षं जुन्या धातूतल्या भेगा समोर आल्या, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये अँटारेस उडताच कोसळलं, त्यात इंजिनाच्या ऑक्सिजन पंपात स्फोट झाल्याचं चौकशीत दिसलं. पुढे त्या रॉकेटवर कोणतं इंजिन बसवलं गेलं? आरडी-१८१, म्हणजे एनर्जियाच्याच वंशातलं, सतत बनत राहिलेलं.

बुरानला पाठीवर नेण्यासाठी कीव्हला बांधलेल्या अँतोनोव्ह-२२५ या प्रचंड विमानाची गोष्टही तीच. बुरान संपल्यावर ते काही वर्षं पडून राहिलं. मग जगभरच्या अवजड मालवाहतुकीत त्याला काम मिळालं, तसं ते २००१ पासून पुन्हा उडू लागलं, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत होस्तोमेलच्या लढाईत नष्ट होईपर्यंत उडत राहिलं. काम होतं तोवर त्याला पडून राहावं लागलं नाही.

या कहाणीत आपला भारतही आहे आणि तो महत्त्वाच्या जागी आहे. एन-१ च्या सुधारित आवृत्तीसाठी बनवलेलं, पण त्यावर कधीच न उडालेलं एक छोटं हायड्रोजन इंजिन सोव्हिएत कपाटात पडून होतं. १९९१ च्या करारानुसार तेच, सुधारून, भारताला मिळणार होतं, तंत्रज्ञानासकट. १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर आणि ग्लावकॉसमॉस या रशियन अवकाश संस्थेवर निर्बंध घातले, १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देणं नाकारलं आणि त्याऐवजी तयार सात टप्पे देऊ केले. बुरानची गच्छंती झाली तेच हे वर्ष. १८ एप्रिल २००१ रोजी श्रीहरिकोट्याहून पहिलं जीएसएलव्ही उडालं ते या इंजिनावर. आपलं स्वतःचं क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव हायड्रोजनवर चालणारं, इंजिन यशस्वी व्हायला जानेवारी २०१४ उजाडलं. विकत आणलेली वस्तू आणि अंगी बाणलेली विद्या यांतलं अंतर आपण स्वतः सोसून मोजलंय, त्यामुळे एनर्जियाचं नुकसान आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं.

आणि प्रकल्प नीट कसा बंद करायचा याचं चांगलं उदाहरणही आपल्याचकडे आहे. एसएलव्ही-३, उपग्रह वर नेणारं आपलं पहिलं रॉकेट, आलं, गेलं. त्याच्या पहिल्या टप्प्याची मोटर एएसएलव्हीची बूस्टर झाली. एएसएलव्ही १९८७ आणि १९८८ मध्ये पडलं, त्यावर लोकसभेपासून वर्तमानपत्रांपर्यंत भरपूर बोलून झालं, १९९४ मध्ये ते यशस्वी झालं आणि मग बंद केलं गेलं. पण बूस्टर जोडण्याची, उडताना मार्ग सुधारण्याची विद्या पीएसएलव्हीत उतरली, आणि त्या जुन्या मोटरचीच पुढची रूपं चांद्रयान-१ आणि मंगळयान नेणाऱ्या पीएसएलव्हीच्या कमरेला होती. रॉकेट निवृत्त झालं, माणसं आणि वस्तू कामात राहिल्या. याचं श्रेय त्या वेळच्या धोरणाइतकंच आपल्या गरिबीलाही आहे. टाकून देणं परवडतच नव्हतं.

आता परवडू लागलंय, म्हणून काळजी वाटते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकाला ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. तीस टन नेणारा, पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारा. कर्नाटकात चित्रदुर्गजवळ पुष्पक या पंखांच्या यानाने २०२३ आणि २०२४ मध्ये तीन वेळा आपोआप उतरून दाखवलं, तिसऱ्यांदा जोरदार वाऱ्यात. महेंद्रगिरीला केरोसिन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या अर्धक्रायोजेनिक इंजिनाच्या चाचण्या सुरू आहेत, ऑक्सिजनने भरलेल्या तप्त वायूच्या त्याच कठीण विद्येच्या. हे सगळं मला मनापासून हवंहवंसं वाटतं. पण यातलं एखादं अंग उद्या थांबवावं लागलं तर काय राखायचं, कुणाकडे द्यायचं, त्यासाठी किती पैसा बाजूला ठेवायचा, याचं एक पानही आपण मंजुरीच्या कागदांसोबत मागत नाही. विक्रोळीत गोदरेजच्या शॉपवर इंजिनं जोडणारा वेल्डर किंवा वालचंदनगरला मोटरची कवचं घडवणारा टर्नर, यांच्या हातातली विद्या ऑर्डर थांबली की पाच-सात वर्षांत जाते. ती इस्रोच्या कुठल्याही फाइलमध्ये नसते. संसदेने नवा प्रकल्प मंजूर करतानाच त्याच्या समाप्तीची योजना मागावी, आणि जुना थांबवताना कुठलं कौशल्य कुठल्या कामाला जोडलं हे लेखी सांगायला लावावं. समाप्तीचा निर्णय अर्थखात्याच्या एका ओळीत होऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.

यानांचं काय, हा प्रश्न उरतो. मी बुरान थांबवण्याच्या बाजूचा असलो तरी ते सडू देण्याच्या बाजूचा अजिबात नाही. क्षमता कामाने जगते. आठवण जपावी लागते, आणि तेही सरकारचंच देणं आहे. शटल २०११ मध्ये निवृत्त झालं तेव्हा उरलेली तिन्ही यानं वॉशिंग्टनजवळ, फ्लोरिडात आणि लॉस एंजेलिसला लोकांसमोर ठेवली गेली. बुरानचं वातावरणातल्या चाचण्यांसाठीचं, जेट इंजिनं लावलेलं भावंड सिडनी आणि बहारीन अशा फेऱ्या करत शेवटी जर्मनीतल्या स्पायरच्या संग्रहालयात पोचलं आणि तिथे सुखरूप आहे. पण प्रत्यक्ष अवकाशात जाऊन आलेलं बुरान १२ मे २००२ रोजी संपलं. त्याच ११२ क्रमांकाच्या इमारतीचं छप्पर दुरुस्त करताना कोसळलं. खाली एनर्जियावर बसवून ठेवलेलं यान चिरडलं गेलं, आणि छपरावरचे आठ कामगार मेले. यानाबद्दल हळहळणारे लेख पुष्कळ आहेत; त्या आठ जणांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेला असतो. देखभालीचा पैसा बंद झाल्यावर काय होतं, हे सांगायला त्यांचे मृत्यू पुरेसे असायला हवे होते.

तरीही दुसरं यान, जवळजवळ पूर्ण झालेलं, शेजारच्या इमारतीत एका चाचणी नमुन्यासोबत आजही धूळ खात उभं आहे. जगभरची तरुण मुलं रात्री वाळवंट तुडवत, पहारेकऱ्यांना चुकवत तिथे घुसतात. जून २०२४ मध्ये एक फ्रेंच तरुण त्या वाटेवर पाण्याविना मेला. २०२१ मध्ये कुणीतरी यानाच्या अंगावर रंगाने घोषणा लिहिल्या. त्याच वर्षी रशियाने ते परत मागितलं, तर मालकी सांगणाऱ्या कझाक उद्योजकाने बदल्यात शेवटचे कझाक खान केनेसरी यांची कवटी मागितली, जी रशियात असल्याचं कझाक लोक मानतात. मॉस्कोत यावर हसू झालं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्यांच्या भूमीवरून ही रॉकेटं उडाली आणि जिच्यावर त्यांचे टप्पे पडले, त्यांना आपल्या इतिहासातली एक वस्तू परत हवी आहे, आणि समोरच्याला त्याच्या इतिहासातली. हा सौदा चर्चेला बसण्याइतका रास्त आहे.

माझं मत विचाराल तर यान रशियाला नेऊच नये. बायकोनूरच्या संग्रहालयात बुरानचा एक नमुना आधीच उघड्यावर ठेवलेला आहे. त्याच्या शेजारी छत असलेलं दालन बांधावं, दोन्ही उरलेली यानं तिथे आणावीत, आणि कझाकस्तान, रशिया व युनेस्को यांनी मिळून खर्च उचलावा. तळाच्या भाड्यापोटी रशिया कझाकस्तानला दरवर्षी साडेअकरा कोटी डॉलर देतो, हा करार २०५० पर्यंतचा आहे. त्यातला छोटासा वाटा यासाठी राखून ठेवणं दोन्ही सरकारांच्या सहज आवाक्यात आहे. आणि समारा, व्होरोनेझ, द्नीप्रो, खार्किव्ह इथले जे अभियंते अजून हयात आहेत, त्यांच्याकडून आरडी-०१२० कसं जुळवलं जायचं हे आत्ताच लिहून, बोलून, चित्रित करून घ्यायला हवं. युद्धाने या शहरांमधला संवाद तोडलाय, त्यामुळे हे काम त्रयस्थ विद्यापीठालाच करावं लागेल. १९८८ मध्ये तिशीत असलेला माणूस आज साठीच्या पुढे आहे, आणि त्याला प्रश्न विचारायला अजून कुणी गेलेलं नसेल तर यंदाच जायला हवं.